परतीचे इंधन

तारांगणातील कार्यक्रम संपून दिवे लागले की प्रेक्षकांच्या प्रश्नांसाठी मी थोडा वेळ राखून ठेवते, आणि त्यांतला एक प्रश्न बहुधा ठरलेला असतो: सर्वांत जवळच्या ताऱ्यापर्यंत पोहोचायला किती वर्षे लागतील? त्या दिवशी पदवीच्या विद्यार्थ्यांचा एक गट आला होता आणि तो प्रश्नही आलाच. मी मंचावर मीटरची पट्टी ठेवली. तिच्या एका टोकाला सूर्य आणि दुसऱ्या टोकाला पृथ्वी मानली, तर नेपच्यून ३० मीटरवर, म्हणजे सभागृहाच्या दाराबाहेर जातो. १९७७ साली निघालेले आणि सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने दूर जाणारे व्हॉयेजर-१ हे यान आज पावणेदोनशे मीटरच्या आसपास येते. आणि सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा, प्रॉक्सिमा सेंटॉरी, २६८ किलोमीटरवर पडतो. प्रत्यक्षातले अंतर ४.२४ प्रकाशवर्षे. व्हॉयेजरची दिशा तिकडे नाही, पण असती तरी त्या वेगाने त्याला सुमारे ७५,००० वर्षे लागली असती.

एरवी हा आकडा ऐकून श्रोते थक्क होतात आणि पुढचा प्रश्न कृष्णविवरांवर जातो. या वेळी मात्र तिसऱ्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला. "मॅडम, अवकाशात हवेचा विरोध नाही. मग इंजिन चालूच ठेवले तर वेग वाढतच जाईल ना? प्रकाशाच्या एक दशांश वेग गाठला की बेचाळीस-त्रेचाळीस वर्षांत पोहोचता येईल. मग अडते कुठे?"

"इंधनावर," मी म्हटले.

"किती लागेल?"

अंतराचे आकडे सगळेच विचारतात. इंधनाचा हिशेब मागणारे क्वचितच भेटतात. मी तिला फळ्याजवळ बोलावले आणि रशियन शास्त्रज्ञ त्सिओल्कोव्हस्की यांनी १९०३ साली प्रसिद्ध केलेले सूत्र लिहून दिले. अग्निबाण पुढे जातो तो मागे वायू फेकून, आणि जे फेकायचे ते त्याला आधी स्वतःबरोबर वाहून न्यावे लागते. म्हणजे इंधन वाढवले की ते इंधन ढकलण्यासाठी आणखी इंधन लागते. त्यामुळे हवा असलेला वेग वायू फेकण्याच्या वेगाच्या जितका पट असेल, तो आकडा सूत्रात e (सुमारे २.७१८) या संख्येचा घातांक म्हणून बसतो, आणि येणारे उत्तर म्हणजे निघतानाचे एकूण वजन रिकाम्या यानाच्या किती पट हवे ते. उत्तम रासायनिक इंजिन वायू सेकंदाला साधारण साडेचार किलोमीटर वेगाने फेकते. प्रकाशाचा दशांश म्हणजे सेकंदाला ३०,००० किलोमीटर. तिने भागाकार केला, ६,६६७ आले, ते घातांकाच्या जागी घालून तिने कॅल्क्युलेटरची कळ दाबली, आणि पडद्यावर 'एरर' उमटले. तिने शेजारच्या मुलाचा कॅल्क्युलेटर मागून घेतला; त्यानेही तेच दाखवले. लॉगॅरिदम घेऊन पाहिल्यावर कळले की उत्तर जवळजवळ २,९०० अंकी आहे. दृश्य विश्वातील सगळ्या अणूंची अंदाजे संख्या ८० शून्यांत बसते. रासायनिक इंधन तिथेच बाद झाले, आणि माझ्या मते ते अशाच पद्धतीने, स्वतःच्या हाताने, बाद करायला हवे.

मग आम्ही केंद्रकीय संमीलनाकडे, म्हणजे सूर्याच्या गाभ्यात चालते त्या प्रक्रियेकडे वळलो. तसे इंजिन अजून कोणी बनवलेले नाही, पण ते द्रव्य सेकंदाला १०,००० किलोमीटर वेगाने फेकू शकेल असे धरले, तर घातांक ३ होतो आणि निघतानाचे वजन यानाच्या २० पट. वर्गात एकदम उत्साह संचारला. तेवढ्यात मागून कोणीतरी विचारले, "आणि थांबायचे कसे?" थांबण्यासाठी तेवढाच वेग उलट्या दिशेने काढून टाकावा लागतो, आणि त्याचे इंधन सुरुवातीपासून बरोबर हवे. ते २० अधिक २० होत नाहीत, २० गुणिले २० होतात: ४००. जाऊन परत यायचे तर हेच सगळे पुन्हा, म्हणजे ४०० गुणिले ४००: १,६०,०००. हा शेवटचा आकडा त्या मुलीने दोनदा पडताळून पाहिला.

मी त्यांना 'डेडॅलस'बद्दल सांगितले. ब्रिटिश इंटरप्लॅनेटरी सोसायटीने १९७३ ते १९७८ या काळात बर्नार्डच्या ताऱ्याकडे जाणाऱ्या मानवरहित यानाचा हा आराखडा केला होता: वेग प्रकाशाच्या १२ टक्के, प्रवास सुमारे ५० वर्षांचा, इंधन ५०,००० टन; आणि एवढे करूनही यान तिथे थांबणार नव्हते.

इंधन बरोबर न्यायचेच नाही, ही यातून निघणारी पळवाट मला स्वतःला सर्वांत प्रामाणिक वाटते. २०१६ साली जाहीर झालेल्या 'ब्रेकथ्रू स्टारशॉट' या योजनेत काही ग्रॅम वजनाचे यान पातळ शिडाला जोडून पृथ्वीवरच्या लेसरने प्रकाशाच्या पंचमांश वेगापर्यंत ढकलायचे होते. प्रवास वीस-बावीस वर्षांत संपतो. पण तिथे ब्रेक लावणारा लेसर नाही, त्यामुळे पृथ्वी आणि सूर्य यांच्यातले अंतर ज्या वेगात अवघ्या ४२ मिनिटांत कापले जाते, त्याच वेगात यान ताऱ्याजवळून निघून जाणार.

"परत यायलाच हवे असे कुठे आहे?" एका मुलाने शेवटी विचारले. "माणसे तिथेच राहिली तर?" मी फळ्यावरचे १,६०,००० खोडले. ४०० मात्र तसेच ठेवावे लागले, कारण राहायचे म्हटले तरी आधी थांबावे लागतेच.