फुकटचं यंत्र डब्यात, दुकानाचं कोटेशन हातात

भोसरीच्या एका प्रेस शॉपमधून, म्हणजे पत्रा दाबून सुटे भाग करणाऱ्या कारखान्यातून, निवृत्त झालेले 74 वर्षांचे आबा आणि त्यांची सून आमच्या श्रवणतपासणीच्या क्लिनिकमध्ये आले. सुनेच्या पिशवीतून दोन गोष्टी टेबलावर आल्या. सरकारी शिबिरात मिळालेल्या, कानामागे लावायच्या दोन श्रवणयंत्रांचा डबा, आणि एका दुकानाचं 1 लाख 40 हजारांचं कोटेशन : सोळा चॅनल (म्हणजे आवाजाचे सोळा पट्टे वेगवेगळे कमी-जास्त करता येतात), रिचार्जेबल, ब्लूटूथ. "मॅडम, फुकटचं आहे, ते कसं चालणार? हे घेऊन टाकावं म्हणतोय आम्ही." आबांचं मत निराळं. "मला काहीच नको. ते शिट्ट्या मारतंय."

कोटेशन बाजूला ठेवलं आणि आधी कानात पाहिलं. डाव्या कानात मळाचा घट्ट बोळा, पडदा दिसेना. अशा कानाची श्रवणचाचणी केली तर आलेख खोटा येतो आणि त्या आलेखावर लावलेलं यंत्रही खोटंच लागतं. खालच्या मजल्यावरच्या ईएनटी डॉक्टरांकडे मळ काढून घेतला, मग चाचणी. 500, 1000, 2000 आणि 4000 हर्ट्झला, म्हणजे जाड आवाजापासून बारीक आवाजापर्यंत, उजवा कान 40, 50, 65, 75 डेसिबल; आकडा जितका मोठा, तितकं ऐकणं कमी. डावा 45, 50, 65, 80. सरासरी उजवीकडे 57.5, डावीकडे 60. सोबतच्या जुन्या कागदावर डाव्याची सरासरी 71 होती. ते वरचे अकरा डेसिबल मळाचे.

हा उतरता आलेख म्हातारपणाचा आणि प्रेसच्या आवाजाचा मिळून झालेला. जाड आवाज ठीक पोचतात, बारीक पोचत नाहीत. म्हणून "ऐकू येतं, पण कळत नाही". स, श, थ, फ गळतात. 'साठ' आणि 'सात' एकच होतात. 25 शब्दांची यादी आरामात ऐकू येईल इतक्या आवाजात म्हटली, तेव्हा उजव्या कानानं 21 बरोबर सांगितले, डाव्यानं 18. यंत्र लाखाचं असो की फुकटचं, हा आकडा फारसा ओलांडत नाही. 25 पैकी दहा-अकराच शब्द आले असते, तर महाग यंत्र घेण्याआधी घरच्यांना अपेक्षा कमी करायला सांगावं लागलं असतं. इथे कान अजून कामाचे होते.

आता डबा उघडला. बॅटरीच्या पाकिटातले सगळे नारिंगी स्टिकर काढून टाकलेले. नातवाचा टापटीपपणा! या झिंक-एअर बॅटऱ्या हवेवर चालतात. स्टिकर निघाला की बॅटरी जागी होते आणि यंत्रात न घालताही संपत जाते. वापरायची तेवढीच उघडायची, स्टिकर काढल्यावर मिनिटभर उघडी ठेवायची, मगच घालायची. नव्या बॅटऱ्या घालून, स्टेथोक्लिप (यंत्राचा आवाज ऐकायची, स्टेथोस्कोपसारखी नळी) लावून आम्ही स्वतः ऐकलं : आ, ई, ऊ, म, श, स. सहाही आवाज स्वच्छ. दोन्ही यंत्रं धडधाकट.

मग शिट्टी कुठून? टोकाला तयार मापाचं रबरी बोंड होतं, आणि आबांचा कान रुंद. आवाज फटीतून बाहेर येऊन पुन्हा माइकमध्ये शिरत होता. शिट्टी नको म्हणून आवाज कमी केला की शब्द जात, वाढवला की शिट्टी. शिवाय यंत्रावरचे बारीक स्क्रू जसेच्या तसे. एका स्क्रूनं जाड आवाज कापता येतात, तो उघडाच होता, त्यामुळे पंखा आणि बस कानात घोंगावत. दुसऱ्यानं सर्वांत मोठा आवाज आवरता येतो, तोही सैल. स्टीलचं ताट पडलं की आबा यंत्र काढून ठेवत.

उपाय एकच, मोल्ड, म्हणजे रबरी बोंडाऐवजी त्याच कानाच्या मापानं बनवलेला, कानात घट्ट बसणारा तुकडा. माप घ्यायला आधी दोऱ्याचा छोटा फोमचा बोळा कानाच्या दुसऱ्या वळणापलीकडे बसवायचा, म्हणजे मापाचा मसाला पडद्यापर्यंत जात नाही. सिलिकॉनचे दोन रंगीत गोळे समान मळायचे, सिरिंजनं भरायचे, पाचेक मिनिटं थांबायचं. तेवढा वेळ आबांना तोंड थोडं हलवायला सांगितलं, कारण जेवताना-बोलताना जबड्याबरोबर कानाची नळीही हलते. मोल्ड कडक ॲक्रिलिकचा सांगितला; मऊ सिलिकॉन बसवताना दुमडतं. दोन मिलिमीटरचं हवेचं छिद्रही, नाहीतर स्वतःचा आवाज पिंपात बोलल्यासारखा येतो.

मोल्ड लॅबमधून यायला आठवडा लागतो, पण निर्णय त्याच दिवशी हवा होता. म्हणून त्याच मापाला भोक पाडून नळी घातली, तात्पुरता मोल्ड केला, स्क्रू फिरवले, आणि पडद्याजवळ पातळ नळी ठेवून कानात प्रत्यक्ष किती आवाज पोचतो ते मोजलं. 2000 हर्ट्झपर्यंत फुकटचं यंत्र हव्या त्या पातळीच्या पाच डेसिबल आत आलं. 4000 ला बारा डेसिबल कमी पडलं. मग आमच्याकडचं मध्यम किमतीचं डेमो यंत्र लावलं. तेही 4000 ला पूर्ण पोचलं नाही, पण बरंच जवळ गेलं. शांत खोलीत नेहमीच्या बोलण्याच्या आवाजात, दोन्ही कानांना लावून, फुकटच्यानं 19 शब्द, डेमोनं 21. मागून टीव्हीचा गोंगाट लावला तर 12 आणि 16. पैसे मोजायचे ते या शेवटच्या फरकासाठी, समोरचा आवाज धरणाऱ्या दुहेरी माइकसाठी. चॅनल सोळा की चोवीस, हे आबांच्या कानाला कळणार नाही, दुकानदाराला कळतं.

आबांचा दिवस विचारला. घर, टीव्ही, संध्याकाळी देवळाच्या पारावर चौघं-पाचजण. लग्नकार्य कधीतरी. म्हणजे गोंगाट थोडाच. पारडं फुकटच्याकडे झुकलं होतं, तेवढ्यात बॅटरी बदलून दाखवा म्हटलं. उजव्या हाताची तर्जनी एका पेरानं तोकडी, प्रेसवर गेलेली. 13 नंबरची बॅटरी आठ मिलिमीटरही रुंद नसते. ती दोनदा टेबलाखाली गेली. मशीन कुठलं, यापेक्षा हा प्रश्न मोठा होता, आणि रिचार्जेबल यंत्राची खरी बाजू इथे होती. चुंबकाची काडी दिली, तिला बॅटरी चिकटते. तिच्यानं जमलं, पण हळू. शेवटी सून म्हणाली, "दर रविवारी मीच बदलीन." तसं असेल तर फुकटचं चालेल, असं आम्ही स्पष्ट सांगितलं. घरात आबा एकटेच असते तर सल्ला उलटा असता.

खर्च कागदावर मांडला. दोन मोल्ड अडीच हजारांच्या आत. बॅटऱ्या दिवसभर वापरात आठ-दहा दिवस. सहाचं पाकीट अडीचशे-तीनशे, म्हणजे दर रविवारी बदलल्या तर वर्षाला साडेचार-पाच हजार. फुकट यंत्रालाही एवढा खर्च असतोच.

सुनेचा पुढचा प्रश्न अपंगत्व प्रमाणपत्राचा. अपंगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेला 40 टक्क्यांचं प्रमाणपत्र लागतं. महिना 22,500 पर्यंत उत्पन्नाला यंत्र मोफत, 30,000 पर्यंत निम्म्या किमतीत. पण 2016 च्या अपंग हक्क कायद्यात कमी ऐकू येणं म्हणजे दोन्ही कानांत 60 ते 70 डेसिबल. आबांचा उजवा कान 57.5 वर, तेव्हा प्रमाणपत्रासाठी ससून किंवा औंध रुग्णालयाच्या बोर्डाकडे खेटे घालण्यात अर्थ नव्हता. साठीपुढच्यांची राष्ट्रीय वयोश्री योजना वयाशी निगडित आहे : महिना 15,000 पर्यंत उत्पन्न किंवा दारिद्र्यरेषेचं कार्ड, आधी तपासणी शिबिर आणि नंतर वेगळं वाटप शिबिर. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत 65 वर्षांवरच्यांना एकदाच 3,000 रुपये खात्यावर मिळतात, कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला दोन लाखांच्या आत हवं. मात्र तेच उपकरण मागच्या तीन वर्षांत सरकारकडून फुकट मिळालं असेल तर तिथे अर्ज चालत नाही. आबांचा हा रस्ता त्यामुळे बंद.

पावसाळ्यासाठी झाकणाचा डबा आणि सिलिका जेल. नळीत पाण्याचा थेंब दिसला तर मोल्ड काढून रबरी फुग्यानं फुंकायचं. केस वाळवायचं मशीन लावायचं नाही. नळी पिवळी, कडक झाली की बदलायची, साधारण सहा महिन्यांनी.

कोटेशन सुनेला परत दिलं, पण फाडू नका म्हटलं. दीड-दोन वर्षांत शब्दांचा आकडा घसरला किंवा रविवारची बॅटरी जमेनाशी झाली, तर ते पुन्हा काढायचं. तेव्हा दुकानात तीन गोष्टी आधी विचारायच्या : पैसे देण्याआधी घरी ट्रायल किती दिवस, कानात नळी घालून मोजून देणार का, आणि यंत्र लावणाऱ्याचा रिहॅबिलिटेशन कौन्सिलचा (श्रवणतज्ज्ञांची नोंदणी ठेवणारी सरकारी परिषद) नोंदणी क्रमांक काय. पहिल्या दोनांना "त्याची गरज नाही" असं उत्तर आलं, तर दुसरं दुकान बघायचं.