आमची वाटचाल : एका फोमपासून अख्ख्या जोडीपर्यंत

जुने स्पीकर दुरुस्त करायच्या आमच्या कामाची सुरुवात एका वाक्यानं झाली आणि आजही जुना स्पीकर घेऊन येणारा माणूस तेच वाक्य म्हणतो : "वूफरचा फोम गेलाय, बदलून द्या." वूफर म्हणजे बास, खालचे सूर, वाजवणारा मोठा भोंगा. तेव्हा आम्हीही तेवढंच करत होतो. फोम गेला, फोम लावला, वूफर परत केला. आज आम्ही सुटा वूफर घेतच नाही. दोन्ही पेट्या आल्या तरच काम हाती घेतो. असं का झालं, ते सांगायचं तर फोमपासूनच सुरुवात करायला हवी.

साधारण सत्तरच्या दशकापासून कोनभोवतीची (वूफरच्या हलणाऱ्या शंकूभोवतीची) कड पॉलियुरेथेन फोमची करायची पद्धत रुळली. वजनाला हलकी, हालचालीला मोकळी. पण हवेतला ओलावा आणि ऑक्सिजन तिला पोखरतात, ऊन लागलं तर आणखी लवकर. स्पीकर रोज वाजो की खोक्यात बंद असो, पंधरा-वीस वर्षांत बोट लावलं की चिकट भुगा हाताला येतो. त्यामुळे "वाजवलेलाच नाही, नवाकोरा आहे" ही विकणाऱ्याची ग्वाही फोमच्या बाबतीत काही कामाची नाही.

सगळ्यांना फोम नसतो. १९७० च्या जेबीएल एल-१०० च्या वूफरला लेप दिलेली कापडी चुणीदार कड आहे, ती अजून टिकलेली दिसते. १९६७ मध्ये आलेल्या एआर (अकूस्टिक रिसर्च) कंपनीच्या एआर-३ए च्या सुरुवातीच्या वूफरना कापडी कड होती, पुढच्यांना फोम आला. कापडाची अडचण वेगळी. कापड फाटत नाही, पण त्यावरचा लेप सुकतो आणि कापडातून हवा झिरपू लागते. एआरचं सगळं गणित बंद पेटीतल्या हवेच्या स्प्रिंगवर चालतं. हवा गळली की बास पोकळ होतो. तपासणी सोपी आहे. डस्ट कॅपच्या (कोनाच्या मधल्या टोपीच्या) भोवती चारी बोटं सारखी टेकवून कोन हळूच आत दाबायचा, क्षणभर धरायचा आणि सोडायचा. पेटी घट्ट असेल तर कोन सावकाश, सेकंद-दोन सेकंद घेत परत येतो. टपकन उसळला तर कुठेतरी गळती आहे : कापडात, वूफरखालच्या गॅस्केटमध्ये किंवा मागच्या टर्मिनलपाशी. कापडावर कायम मऊ राहणारा रबरी लेप पातळ हातानं द्यावा. सिलिकॉन किंवा फर्निचरचा गोंद कधीही लावू नये. कड ताठरते, वूफरची मूळ अनुनाद वारंवारता वर चढते आणि तो लेप पुन्हा निघत नाही.

आता फोम बदलण्याचं खरं काम. वेळ चिकटवण्यात जात नाही, साफसफाईत जातो. धातूच्या चौकटीवरचा जुना गोंद आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून, पाच मिनिटं मुरू देऊन, लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीनं खरवडायचा. कागदी कोनाच्या कडेला मात्र कापसाचा बोळा नुसता ओलसर हवा, भिजलेला नको. थिनर आणि ॲसिटोन या टेबलावर आणायचेच नाहीत, प्लॅस्टिकचा कोन त्यानं खराब होतो. नवा फोम घेताना वूफरच्या इंचांवर जाऊ नये. कोनाचा बाहेरचा व्यास, चौकटीच्या बैठकीचा आतला-बाहेरचा व्यास आणि फोमच्या गोलाईची रुंदी मोजावी. आणि फोम कोनाच्या वरून चिकटवलेला होता की खालून, हे जुना काढण्याआधी पाहून फोटो काढून ठेवावा. नंतर आठवत नाही.

मग व्हॉइस कॉइल, म्हणजे कोनाला हलवणारी तारेची गुंडाळी, मधोमध आणणं. आम्ही डस्ट कॅप धारदार पात्यानं कडेकडेनं सोडवतो आणि व्हॉइस कॉइल व मधला लोखंडी खांब यांच्यामध्ये प्लॅस्टिक फिल्मच्या चार पट्ट्या सारख्या अंतरावर सरकवतो. पट्टीची जाडी बहुतेकदा ०.२ मिमीच्या आसपास येते, पण आकड्यापेक्षा हाताला कळतं : पट्टी अडकून बसली पाहिजे, ठोकावी लागता कामा नये. आधी फोम कोनाला चिकटवायचा आणि पूर्ण सुकू द्यायचा. दुसऱ्या टप्प्यात चौकटीला. सुकल्यावर लवचीक राहणाराच गोंद वापरायचा. पटकन चिकटणारा सुपरग्लू इथे शत्रू आहे, कारण तो कड कडक करतो आणि चूक झाली तर सरकवायला वेळ देत नाही. चोवीस तासांनी पट्ट्या काढून ३० हर्ट्झचा सूर अगदी हळू वाजवायचा आणि कान कोनाजवळ न्यायचा. कोन हलताना आवाज जवळपास नसतोच. बारीकशी खस्-खस् आली तर कॉइल घासतेय. ती "वाजून वाजून मोकळी होईल" असं म्हणणारे भेटतात. मोकळी होत नाही, तिच्या तारेवरचं इनॅमल घासून निघतं. फोम सोडवून पुन्हा लावायचा, दुसरा उपाय नाही.

कधी फोम बरोबर लागूनही घासणं जात नाही. मग दोष दुसरीकडे असतो : दमट जागेत खांबाला गंज चढलेला, किंवा वर्षानुवर्षं एकाच स्थितीत राहून स्पायडर (कोनाला मागून धरणारी चुणीदार चकती) सैल पडलेला. जड कोनाचे वूफर म्हणूनच काही वर्षांनी अर्धा फेरा फिरवून पुन्हा बसवावेत. दहा मिनिटांचं काम आहे. चुऱ्याच्या फळीत रुतलेले स्क्रू सोडवताना घाई मात्र करू नये, आटे गेले की पुन्हा पकड येत नाही.

सुटा वूफर घेणं आम्ही का थांबवलं, ते इथे येतं. एका बाजूला नवा फोम आणि दुसऱ्या बाजूला दहा वर्षांचा म्हणजे दोन वेगवेगळे स्पीकर. गायिका मधोमध उभी राहायच्या ऐवजी सूर चढला-उतरला की डावीउजवीकडे सरकते. कानाला ते "काहीतरी बरोबर नाही" एवढंच कळतं आणि दोष अँप्लिफायरला दिला जातो. म्हणून फोम, कपॅसिटर, लेप, जे काही असेल ते दोन्हीकडे, एकाच दिवशी, एकाच डब्यातलं.

दुसरा धडा क्रॉसओव्हरनं दिला, म्हणजे खालचे सूर वूफरला आणि वरचे सूर ट्वीटर या छोट्या भोंग्याला वाटून देणाऱ्या सर्किटनं. फोम नवा, कॉइल मोकळी, तरी आवाजावर गोधडी टाकल्यासारखा. त्या काळच्या पेट्यांत बायपोलर इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर असतात. म्हातारपणी त्यांचं मूल्य बहुतेकदा वाढतं आणि आतला रोधही वाढतो. मोजताना त्याचं एक टोक सर्किटमधून सोडवलंच पाहिजे, नाहीतर मीटर कॉइलसकट सगळंच मोजतो. डावा-उजवा एकमेकांच्या दोन टक्क्यांत असावेत, म्हणून आम्ही चार-पाच विकत घेतो आणि मोजून जोडी लावतो.

इथे आमचं मत बऱ्याच शौकिनांना पटत नाही. महागातला फिल्म कपॅसिटर लावला की "आवाज उघडला" म्हणतात. उघडतो खरा, पण कधी कधी नको तितका. जुन्या इलेक्ट्रोलायटिकचा स्वतःचा थोडा रोध असतो आणि मूळ रचनाकारानं ट्वीटरची पातळी तो धरून बसवलेली असते. फिल्ममध्ये तो जवळपास शून्य. म्हणून फिल्म लावलाच तर मालिकेत अर्धा ते एक ओहमचा रेझिस्टर लावून ऐकावं. नवा इलेक्ट्रोलायटिक लावला तर हा प्रश्नच येत नाही. क्रॉसओव्हरमधल्या तांब्याच्या कॉइल मात्र म्हाताऱ्या होत नाहीत, त्यांना हात लावू नये. पातळी कमी-जास्त करणारे मागचे नॉब पहिले संशयित धरावेत : आतली पट्टी काळवंडते आणि ट्वीटर गप्प होतो. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून तीसेक वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं की कित्येक "मेलेले" ट्वीटर जिवंत होतात.

खरोखर मेलेला ट्वीटर मल्टिमीटर सांगतो, कॉइल तुटलेली असली की रोध अनंत दाखवतो. आठ ओहमचा वूफर मीटरवर साडेपाच ते साडेसहा दाखवतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. वूफरची दिशा दीड व्होल्टच्या सेलनं पाहावी. प्लसला प्लस लावल्यावर कोन बाहेर आला पाहिजे. जुन्या जेबीएलमध्ये तो आत जातो, ती कंपनीची तेव्हाची रीत होती, बिघाड नव्हे. ट्वीटरला सेल लावू नये. आणि काही ट्वीटरांच्या गॅपमधला (कॉइल हलते त्या चुंबकातल्या फटीतला) फेरोफ्लुइड, म्हणजे चुंबकीय तेल, सुकून डांबरासारखा होतो. तो टिपकागदानं काढून मोजकाच नवा भरावा लागतो.

दोन कामं आम्ही उघडून न पाहताच नाकारतो. १९५७ चा क्वाडचा इलेक्ट्रोस्टॅटिक (कोनाऐवजी विजेच्या दाबानं पातळ पडदा हलवणारा) स्पीकर : बासच्या पॅनेलवर सुमारे सहा हजार व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही काही काळ राहतात. आणि १९७४ च्या यामाहा एनएस-१०००एम चा तडकलेला डोम (घुमटाकार पडदा) : तो बेरिलियमचा आहे आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते. तुकडे दिसले तर झाडू नका, व्हॅक्यूम लावू नका.

अँप्लिफायरची जोडी लावून देणं हे काम आम्ही सर्वांत उशिरा सुरू केलं, कारण लोक वॅट विचारतात आणि आधी संवेदनशीलता, म्हणजे एका वॅटवर स्पीकर किती मोठा वाजतो ते, विचारायला हवी. बीबीसीच्या एलएस३/५ए ची सुमारे ८३ डेसिबल, तर १९४६ पासून कोपऱ्यात बसत आलेल्या क्लिप्शहॉर्नची १०४ च्या आसपास. फरक २१ डेसिबल. दर ३ डेसिबलला ताकद दुप्पट, म्हणजे सात वेळा दुप्पट, १२८ पट. क्लिप्शहॉर्न एका वॅटवर जेवढा वाजेल तेवढं वाजायला एलएस३/५ए ला सव्वाशे वॅट लागतील आणि तेवढे पचवण्याआधी तो जळेल. त्याच्याकडून मोठ्या हॉलची अपेक्षाच करू नये, छोट्या खोलीत दोन मीटरवर बसून ऐकावं. आधीच्या एलएस३/५ए १५ ओहमच्या, १९८७ मध्ये ११ ओहमच्या आल्या. ट्रान्झिस्टर अँप्लिफायर १५ ओहमला आठच्या जवळपास निम्मीच ताकद देतो, हेही धरावं. उलट एआर-३ए ४ ओहमचा, त्याला करंट देणारा अँप्लिफायर हवा. त्याची वायर पाच मीटर असेल तर २.५ चौरस मिमीची घ्यावी, जाऊन-येऊन रोध ०.०७ ओहम होतो. ०.७५ ची घेतली तर पाव ओहमच्या जवळ जातो. याहून जास्त खर्च वायरवर करू नये. ट्वीटर जाळणारा अँप्लिफायर बहुधा छोटाच असतो : कुवतीबाहेर ताणला की लाटेचं टोक कापलं जातं आणि ती कापाकापी ट्वीटरच्या वाट्याला येते.

जोडी बाहेर पडण्याआधीची शेवटची तपासणी आजही तीच आहे. दोन्ही पेट्या समोरासमोर तोंड करून वीतभर अंतरावर ठेवायच्या, एकीच्या वायरी उलट्या जोडायच्या आणि मोनो सिग्नल द्यायचा. दोन्ही खरोखर सारख्या असतील तर बास जवळजवळ नाहीसा होतो आणि उरतो तो पातळ, पत्र्यासारखा आवाज. जे उरेल तो दोघींमधला फरक. बास उरला तर फोम किंवा गळती, मधला भाग उरला तर कपॅसिटर, एकाच सुराला काही खणखणलं तर सैल स्क्रू. वायरी पुन्हा सुलट करायला विसरू नये म्हणून उलट्या वायरीला लाल चिकटपट्टी लावतो, आणि ती पट्टी निघाल्याशिवाय खोकं बंद होत नाही.