कूलरच्या खोलीतला मॅप

कॉक्लिअर इम्प्लांट म्हणजे शस्त्रक्रियेने आतल्या कानात इलेक्ट्रोड बसवून श्रवणाच्या नसेला थेट विद्युतसंकेत देणारे साधन; कानावर लावलेला प्रोसेसर मायक्रोफोनने आवाज टिपून त्याला पुरवतो. या साधनाचे मॅपिंग, म्हणजे रुग्णागणिक जुळवणी, करणाऱ्या आम्हा ऑडिओलॉजिस्टचे (श्रवणतज्ज्ञांचे) बहुतेक काम ध्वनिरोधक खोलीत चालते. संगणकावरून एकेका इलेक्ट्रोडला अगदी थोडा विद्युतप्रवाह द्यायचा, तो रुग्णाला कोणत्या पातळीला जेमतेम जाणवतो आणि कोणत्या पातळीपर्यंत सुखाने सोसवतो हे नोंदवायचे, आणि त्या दोन टोकांमधल्या अरुंद पट्ट्यात बाहेरच्या जगातले सगळे आवाज बसवायचे, असे त्याचे स्वरूप असते. या जुळवणीलाच मॅप म्हणतात. निरोगी कानाच्या आतल्या, शंखासारख्या भागात आवाजाचे संकेत नसेकडे पोहोचवणाऱ्या सुमारे 3,500 आतल्या केसपेशी असतात; त्यांचे काम इथे, कंपनीनुसार, 12 ते 22 इलेक्ट्रोडना करावे लागते. एवढ्या तुटपुंज्या साधनावर माणूस ओठ न पाहता बोलणे समजू शकतो, याचे आश्चर्य मला अजूनही वाटते.

ज्या काकूंबद्दल लिहीत आहे, त्या नागपूरच्या महाल नावाच्या जुन्या वस्तीत राहतात. औषधांना न जुमानणाऱ्या क्षयरोगासाठी त्यांना कॅनामायसिनची इंजेक्शने द्यावी लागली होती. जीव वाचला, पण दोन्ही कान गेले. या औषधाने केसपेशी मरतात, श्रवणाची नस मात्र बहुधा शाबूत राहते, म्हणून अशा रुग्णांना इम्प्लांटचा चांगला उपयोग होतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 साली कॅनामायसिन या उपचारातून वगळण्याची शिफारस केली, पण काकूंचे उपचार त्याआधीच संपले होते. इम्प्लांटसाठी सरकारी मदत मुख्यतः लहान मुलांना मिळते, त्यामुळे मुलाने कर्ज काढून शस्त्रक्रिया करवली. औषधाने बहिऱ्या झालेल्या प्रौढ माणसाची जबाबदारी कोणीच घेत नाही, हे मला आजही अन्यायाचे वाटते.

सुरुवातीला त्यांना सगळीच माणसे चिरक्या, यांत्रिक आवाजात बोलल्यासारखी वाटत. काही महिन्यांत मेंदूने जुळवून घेतले आणि ध्वनिरोधक खोलीतल्या चाचणीत वाक्ये ओळखण्याचे त्यांचे गुण उत्तम येऊ लागले. मुलगा आणि सून यांपैकी कोणी हाक मारली हे मात्र नुसत्या आवाजावरून त्यांना नेहमी कळत नसे, कारण आवाजाची पट्टी इम्प्लांटमधून फार ढोबळपणे पोहोचते. आणि एकाच कानात यंत्र असल्यामुळे हाक कोणत्या दिशेने आली हेही समजत नसे. तरीही आमच्या फाइलमध्ये त्या यशस्वी रुग्ण होत्या.

मे महिन्यात त्या तक्रार घेऊन आल्या. “मॅडम, नळ सोडला का आवाज येते, अन् मंग नळ दूर जाते,” असे त्यांचे शब्द होते. वाहता नळ विसरून त्या दुसऱ्या खोलीत जात आणि सुनेची बोलणी खात. मी सगळ्या इलेक्ट्रोडचे विद्युतरोध तपासले, पातळ्या पुन्हा मोजल्या. सगळे जागच्या जागी होते. घामाने मायक्रोफोनची जाळी बुजते, म्हणून तीही बदलून पाहिली. एका सहकाऱ्याने त्यांना अपेक्षा कमी ठेवण्याबद्दल समजावून सांग, असा सल्ला दिला. आमच्या क्षेत्रात हे वाक्य फार लवकर उच्चारले जाते आणि बहुतेक वेळा ते रुग्णापेक्षा आमचीच सोय पाहते.

प्रोसेसर कोणत्या प्रकारच्या आवाजात किती तास वापरला गेला, याची नोंद त्याच्या आत साठत असते. काकूंच्या नोंदीत उन्हाळा लागल्यापासून ‘गोंगाट’ या सदरातले तास प्रचंड वाढलेले दिसले, आणि घर तर अरुंद गल्लीत, मागच्या बाजूला होते. लॅपटॉप घेऊन मी त्यांच्या घरी गेले.

पुढच्या खोलीच्या खिडकीत पत्र्याचा मोठा कूलर होता. नागपूरच्या उन्हाळ्यात तो दिवसभर चालणार, हे ओघानेच आले. प्रोसेसर लॅपटॉपला जोडून मी कूलर बंद करायला सांगितला तेव्हा पडद्यावर ‘शांत’ असे दिसत होते. कूलर सुरू केल्यावर थोड्याच वेळात तिथे ‘गोंगाट’ आले. हे घडले की यंत्र दोन गोष्टी आपणहून करते. ते मायक्रोफोनचा रोख समोर वळवून मागचे आवाज कमी करते, आणि जो आवाज एकसारखा चालू राहतो तो निरुपयोगी समजून काही सेकंदांत दाबून टाकते. बोलण्यात सतत चढउतार असतात, म्हणून ते वाचते. नळ, गॅसची ज्योत, पंखा हे एकसारखे चालतात, म्हणून जातात. काकूंनी केलेले वर्णन तंतोतंत खरे होते. आमच्या खोलीत कूलर नसल्यामुळे ते तिथे कधी दिसणारच नव्हते.

मी दुसरा प्रोग्रॅम, म्हणजे प्रोसेसरमध्ये साठवायचा वेगळा मॅप, तयार केला. त्यात मायक्रोफोन चारही बाजूंना खुला ठेवला, गोंगाट दाबण्याची सोय आणि आपोआप होणारे बदल बंद केले, उच्च स्वरांच्या इलेक्ट्रोडची वरची पातळी किंचित उतरवली, कारण फोडणीतली मोहरी आणि प्लास्टिकची पिशवी त्यांना आधीच बोचत होती. काकू नळ सोडत, पाठ फिरवून उभ्या राहत, पुन्हा बंद करत. “आता जात नाही,” असे त्या म्हणाल्या, आणि नंतर कितीतरी वेळ त्या कूलरजवळच थांबल्या. तो चालू आहे की बंद, हे त्यांना इतके दिवस वाऱ्यावरून ओळखावे लागत होते. दूध वर येण्याआधीची सळसळ मात्र या प्रोग्रॅममध्येही आली नाही. तेवढे बारीक मला देता आले नाही.

सुनेने कूलर चालू ठेवून वर्तमानपत्रातली वाक्ये वाचली, तेव्हा नव्या प्रोग्रॅममध्ये काकूंची बरीच वाक्ये चुकली, जुन्यात बहुतेक बरोबर आली. मी हे त्यांना स्पष्ट सांगितले. त्यांनी घरात एकटे असताना नवा आणि कोणी बोलायला आले की जुना, असे ठरवले. आणि दिवसाचा बराच वेळ आपण एकट्याच असतो, तेव्हा यंत्र सुरू होताना नवाच लागू दे, असेही सांगितले.

इथेच माझे मन अडते. अहवालाच्या नमुन्यात वाक्ये ओळखण्याच्या गुणांना रकाना आहे, नळाला नाही. काकूंनी स्वतः निवडलेला मॅप कागदावर आधीच्यापेक्षा वाईट दिसतो, आणि तपासणारा डॉक्टर तो पुन्हा पूर्ववत करण्याची शक्यता बरीच आहे. स्विच-ऑनच्या वेळी, म्हणजे यंत्र पहिल्यांदा सुरू करताना, डोळे भरून आलेल्या रुग्णाचे व्हिडिओ सगळे आवडीने काढतात. सहा महिन्यांनी त्याच्या स्वयंपाकघरात काय ऐकू येते हे विचारायला कोणाकडे वेळ नसतो. मी अहवालाच्या शेवटी हाताने चार ओळी लिहिल्या आणि दोन्ही प्रोग्रॅमचे गुण वेगवेगळे नोंदवले.

पावसाळा लागला की कूलर उतरवला जाईल आणि त्या घरातले आवाज पुन्हा बदलतील. काकूंनी तेव्हाची वेळ आत्ताच मागून ठेवली आहे. त्या वेळी कोणता प्रोग्रॅम पहिला ठेवायचा, हे मी अजून ठरवलेले नाही. आधी त्यांच्या घरी जाऊन बसणार आहे.