तलावपाळीची गर्दी मोजणं : तिसरा आठवडा

ठाण्याच्या तलावपाळीवर किती माणसं आहेत ते त्यांच्या फोनच्या वायफाय सिग्नलवरून मोजायचा प्रयत्न करतोय. मागच्या वेळी लिहिलं होतं की आकडा जवळपास बरोबर येतोय, तर तो चुकून बरोबर येत होता, आणि हे कळायला दोन रविवार गेले.

सेटअप तोच. जेवणाच्या जुन्या डब्यात ईएसपी३२ (वायफाय असलेली छोटी चिप), मेमरी कार्ड, पॉवरबँक, आणि मी गडकरी रंगायतनजवळ तलावाच्या कट्ट्यावर. फोन खिशात असला तरी आसपास कुठलं वायफाय आहे का म्हणून मधूनमधून हाका मारतो, त्या प्रोब रिक्वेस्ट आपण फक्त ऐकायच्या. पडताळणीला आजीचा जप मोजायचा बोटात घालायचा काउंटर आणलाय, समोरच्या साधारण चाळीस पावलांच्या पट्ट्यातली माणसं दर पाच मिनिटांनी त्यावर मोजतो. शेजारी बसलेल्या काकांनी विचारलं, "कुठला जप करताय?" मग त्यांना सगळं सांगितलं, तर पुढचा अर्धा तास तेही माझ्याबरोबर मोजत बसले.

आता चूक कुठे होती ते. मी वेगवेगळे मॅक अ‍ॅड्रेस (वायफायवर फोनची ओळख सांगणारा क्रमांक) मोजून एक अ‍ॅड्रेस म्हणजे एक फोन धरत होतो. पण आयफोन २०१४ च्या आयओएस ८ पासून शोधताना खोटा, बदलता अ‍ॅड्रेस देतो आणि अँड्रॉइडवालेही आता तेच करतात. ओळखायला सोपं आहे, हेक्समध्ये (० ते ९ आणि ए ते एफ अशा सोळा अंकांत) लिहिल्यावर दुसरा अंक २, ६, ए किंवा ई असला की तो बनवलेला अ‍ॅड्रेस. घरी सगळ्यांचे फोन फ्लाइट मोडवर टाकायला लावले (आई म्हणाली, मावशीचा फोन यायचाय, लवकर आटप) आणि एकच फोन डब्याला चिकटवून वायफायची सेटिंग उघडून ठेवली, दहा मिनिटांत १४ अ‍ॅड्रेस! एका फोनचे! स्क्रीन बंद केल्यावर मात्र बराच वेळ काहीच नाही.

मग तलावपाळीवर आकडा फुगायला हवा होता, तो का फुगला नाही? कारण गर्दीच सिग्नल खाते. वायफायचा २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल पाण्यात शोषला जातो आणि माणूस म्हणजे बहुतेक पाणीच. डबा कट्ट्यावर माझ्या बाजूला, म्हणजे लोकांच्या कमरेच्या उंचीवर, समोर चार रांगा उभ्या राहिल्या की मागचे फोन ऐकूच येत नाहीत. एका बाजूने जास्त, दुसऱ्या बाजूने कमी, दोन चुका एकमेकींना खाऊन आकडा छान दिसत होता. रविवारी संध्याकाळी सातला गर्दी वाढतच होती, हाताने मोजलेली संख्या चढत होती आणि डब्याचा आकडा एका जागी अडकला होता, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला.

म्हणून आता अ‍ॅड्रेस मोजायचा नाही. प्रोब रिक्वेस्टच्या आत फोन कुठले स्पीड चालवतो वगैरे माहिती असते, तिचा ठसा घ्यायचा, आणि प्रत्येक हाकेला पुढे सरकणारा, ० ते ४०९५ फिरणारा सीक्वेन्स नंबर बघायचा. ठसा तोच, नंबर थोडाच पुढे, सिग्नलची ताकद तेवढीच, तर अ‍ॅड्रेस बदलला तरी फोन एकच. जुन्या फोनना हे छान लागू पडतं, नवे फोन हा सीक्वेन्स नंबरही मध्येच बदलतात. एकाच मॉडेलचे दोन फोन शेजारी असले तर गोंधळ होतोच.

टीएमटीची (ठाणे महापालिकेची) बस समोर अडकली की मिनिटभर आकडा उसळतो, त्यासाठी सरासरी सोडून पाच मिनिटांचा मध्यक (आकडे ओळीने लावल्यावर मधला येतो तो) घेतला. आजूबाजूच्या इमारतींतले फोन वगळायला रात्री तीनचा आकडा वजा करून पाहिला, पण तेव्हा फोन झोपलेले असतात, संध्याकाळशी त्याचा संबंध नाही, ते सोडून दिलं आणि −७५ डीबीएमच्या खालचे, म्हणजे फार क्षीण, सगळे सिग्नल टाकतोय.

एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, जे कोणी हे करताय त्यांनी प्लीज पाळा. काही फोन हाक मारताना जुन्या वायफायचं नाव घेतात, कुणाच्या घराचं, कुणाच्या क्लासचं. ते कार्डावर लिहूच नका. अ‍ॅड्रेसही मी डबा चालू होताना बनलेल्या किल्लीने हॅश करतो, म्हणजे मूळ ओळखता येणार नाही अशा अंकांत बदलतो, किल्ली फक्त रॅममध्ये, डबा बंद की ती गेली. लोक तिथे निवांत भेळ खायला आलेत, आपल्याला फक्त किती आहेत एवढंच हवंय.

या रविवारी डबा काठीला बांधून डोक्यांच्या वर, दहाएक फुटांवर धरणार आहे. ठाण्यातलं कुणी सहाला येणार असेल तर दुसरा काउंटर घेऊन या, दोघांनी वेगवेगळं मोजलं तर माझ्या हाताची चूक किती ते तरी कळेल. काकाही येतो म्हणालेत.