काळो डुंगर सायकलवरून: वेडी बाभूळ, शेवटचा चढ आणि दत्ताचे कोल्हे

भुजहून कच्छमधल्या काळ्या डोंगरापर्यंत सगळा सपाट रस्ता आहे, सायकलवर एका दिवसात आरामात होतो आणि डोंगरावर 'चुंबकीय शक्ती' असल्याने बंद गाडीसुद्धा आपोआप वर चढते, एवढी माहिती गोळा करून आम्ही चौघं पुण्याहून निघालो होतो. यातलं पहिलं बरंचसं खरं आहे, दुसरं चूक आहे आणि तिसरं जिवावर बेतणारं आहे. मागून येणाऱ्यांना हे आधी कळावं म्हणून लिहितोय. सायकल चालवता येते, पंक्चर काढता येतं आणि सिंहगडाचा घाट सायकलवरून खाली न उतरता चढता येतो हे गृहीत धरलंय. ते जमत नसेल तर गाडीने जा, डोंगर तितकाच सुंदर दिसतो.

भुज ते खावडा साधारण सत्तर किलोमीटर आणि खावड्यापासून वर दत्तमंदिरापर्यंत आणखी पंचवीसेक. आकडे बघून कुणालाही वाटेल, सकाळी निघू आणि संध्याकाळच्या आरतीला पोचू. नका करू. हिवाळ्यात या भागात वारा उत्तरेकडून येतो आणि तुम्ही उत्तरेकडेच चाललेले असता. रुद्रमाता मागे पडलं, कर्कवृत्ताच्या पाटीपाशी फोटो काढून झाले की पुढे भिरंडियारापर्यंत वारा छातीवर घेत जायचं. सपाट रस्ता असूनही मोठ्या गिअरवर पाय चालत नाहीत.

त्यात ट्रक. मिठाचे ट्रक इथे पूर्वीपासूनच होते. आता खावड्याच्या पलीकडे रणात ३० गिगावॅटचं सौर आणि पवन ऊर्जेचं उद्यान उभं राहतंय, त्याचं लांबलचक अवजड सामानही याच रस्त्याने जातं. ट्रकवाले हॉर्न देतात, जागाही देतात, त्यांच्याविषयी तक्रार नाही. पण ट्रक आला की आपण डांबर सोडून कडेला उतरतो आणि तिथेच या सफरीतला खरा शत्रू पडलेला असतो.

वेडी बाभूळ. सोलापूर-मराठवाड्याकडच्या लोकांना ती माहीत आहे, इथे तिला गांडो बावळ म्हणतात. रण पुढे सरकू नये, खारेपणा थांबावा म्हणून १९६१ साली वनखात्याने ती बन्नीत मुद्दाम लावली. आज भारतातल्या मोठ्या गवताळ प्रदेशांपैकी एक असलेल्या बन्नीत मैलोन्मैल गवताऐवजी तीच दिसते. तिचा काटा सुकला की खिळ्यासारखा कडक होतो आणि साधा टायर आरपार फोडतो. आमच्यातल्या दोघांच्या टायरमध्ये सीलंट, म्हणजे भोक आपोआप बुजवणारा द्रव होता, त्यांना काही झालं नाही. उरलेल्या दोघांनी बन्नीचा निम्मा दिवस रस्त्याकडेला ट्यूब चिकटवण्यात काढला. सीलंट घालूनच या, जमलं तर टायरच्या आतून लावायची जाड पट्टी, टायर लायनरही. ट्यूब बदलायच्या आधी टायरच्या आतून बोट फिरवून काट्याचं मोडकं टोक शोधा, नाहीतर नवी ट्यूबही दहा मिनिटांत बसते. पॅच माणशी पाकीटभर ठेवा. भिरंडियाराला मोटारसायकलचं पंक्चर निघतं, सायकलची बारीक ट्यूब मिळत नाही.

कडेला बसलेलो असताना एक म्हातारे मालधारी (इथले गुराखी) उंटासारखी लांब ढांग टाकत आले. काहीही न विचारता टायर हातात घेतला आणि आम्हाला न सापडलेला काटा नखाने उपसून दिला. "बेटा, डामर मत छोड़ना, ट्रक को रुकने दो," असं सांगून गेले. ट्रक अंगावर येत असताना डांबर कसं धरून ठेवायचं हे मला अजून उमगलेलं नाही, पण सल्ला बरोबर आहे. मागून ट्रक आला तर कडेला वळू नका, जागच्या जागी डांबराच्या काठावर उतरून उभे राहा.

बन्नी पहाटे बघावी. इथल्या म्हशी रात्रभर एकट्या चरतात आणि उजाडताना आपल्या आपण दूध द्यायला वस्तीकडे परततात. त्यांना हाकायला माणूस लागत नाही. अंधारात दिव्याच्या उजेडात पन्नास जोड डोळे रस्त्यावर आले की छाती धडधडते. थांबा, दिवा खाली करा, त्यांना जाऊ द्या. या म्हशीला २०१० साली स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली. तिच्या दुधाचा मावा भिरंडियाराला रस्त्यावरच मिळतो, तो खाऊन मगच पुढे जा. पुढच्या चढाला तीच शिदोरी.

मुक्कामाविषयी स्पष्ट लिहितो. रणाजवळच्या एका भुंग्यांच्या (इथल्या गोल मातीच्या झोपड्यांच्या) मुक्कामात आम्हाला फोनवर एक भाव सांगितला होता. प्रत्यक्ष पोचल्यावर पौर्णिमा जवळ आली म्हणून जवळजवळ दुप्पट सांगितला, 'सांस्कृतिक कार्यक्रम' सक्तीचा म्हणून वेगळा, आणि सायकली आत ठेवायचे प्रत्येकी शंभर. अंधार पडलेला, पुढे जाणं शक्य नाही, हे त्यांना दिसत होतं. भुंगा चांगला होता, जेवण बरं होतं, तरी त्या भावाला नाही. पौर्णिमेच्या आगेमागे जाणार असाल तर भाव, जेवण, कार्यक्रम आणि सायकली ठेवण्याची जागा हे चारही संदेशात लिहून घ्या, आणि लिहून देत नसतील तर तिकडे फिरकू नका. आमचा निकाल: रण उत्सवाच्या दिवसांत धोरडोच्या आसपास राहूच नका. खावड्यात साधी खोली घ्या. पांढरं रण बघायचंच असेल तर त्याचा परवाना भिरंडियाराच्या नाक्यावर काढता येतो, मूळ ओळखपत्र जवळ ठेवा.

याच्या अगदी उलट अनुभव खावड्यात आला. तिथल्या टपरीवर बशीतून चहा मिळतो, आणि टपरीवाल्याने आमच्या आठ बाटल्या भरून दिल्या, पैसे चहाचेच घेतले. खावड्यात कुंभारांची घरं आहेत. पुरुष चाकावर मडकं घडवतात आणि बायका त्यावर लाल-काळ्या-पांढऱ्या रेघा ओढतात. सायकलवर मडकं नेता येत नाही, याचं फार वाईट वाटलं. गाडीने येणाऱ्यांनी भुजच्या दुकानात न घेता इथे घ्यावं.

आता चढ.

खावड्याहून उजाडण्याआधी निघा. यात घासाघीस नाही. काट्यांनी आदल्या दिवसाचं गणित चुकलं म्हणून आम्ही खावड्यातून निघालो तेव्हा साडेनऊ झाले होते आणि खऱ्या चढाला लागलो तेव्हा डोक्यावर ऊन आलं होतं. जानेवारी होता, पहाटे हातमोज्यांतही बोटं बधीर होत होती, आणि अकरा वाजता अंगातलं पाणी निथळत होतं. वाटेत गावं आहेत पण ती रस्त्यापासून आत, आणि आम्हाला एकही टपरी उघडी मिळाली नाही. सावली नाही. माणशी तीन लिटर पाणी आणि मीठ-साखरेची पाकिटं हवीतच.

डोंगराची उंची ४६२ मीटर. कच्छमधला सगळ्यात उंच. आकडा ऐकून सह्याद्रीतला माणूस नाक मुरडतो, पण तुम्ही जवळजवळ समुद्राच्या पातळीवरून निघालेले असता आणि चढ बहुतेक सगळा शेवटी साठवलेला आहे. आधी रस्ता लाटांसारखा खालीवर होतो, कमावलेली उंची परत घालवतो. मग वळणं सुरू होतात. त्यातली काही इतकी उभी आहेत की आतल्या बाजूने घेतलं तर पुढचं चाक उचलतं. समोरून गाडी नसेल तर बाहेरून घ्या. मागे ३२ दातांपेक्षा लहान चक्र असेल तर ढकलावं लागेल. सामान खावड्याच्या खोलीवर ठेवून या.

हे खडक ज्युरासिक काळातल्या समुद्राच्या तळाशी साचलेले आहेत, कच्छमधल्या सगळ्यात जुन्या थरांपैकी. रस्त्यासाठी डोंगर कापला आहे तिथे वालुकाश्म आणि शेल, म्हणजे चिखल घट्ट होऊन बनलेला ठिसूळ खडक, एकावर एक रचलेले दिसतात. भूशास्त्राच्या माणसाला आनंद, सायकलवाल्याला ताप, कारण तो शेल भुसभुशीत होऊन वळणावर खडीसारखा पसरतो. चढताना मागचं चाक घसरतं. उतरताना काय होतं ते पुढे.

वर पोचल्यावर मात्र सगळा राग गेला, हे लिहिलंच पाहिजे. उत्तरेला जमीन संपते आणि रण सुरू होतं, राखाडी, मग फिकट, मग इतकं पांढरं की आकाशाची रेघ सापडत नाही. त्या बाजूला पुढे पाकिस्तान. ज्याच्यावर आपण उभे असतो तो पच्छमचा भाग बेटासारखाच आहे, भोवती रण आणि दक्षिणेला बन्नी. पावसाळ्यानंतर त्यात पाणी असतं, मीठ बघायचं तर डिसेंबर उजाडू द्या. धोरडोच्या गर्दीत उभं राहून रण बघण्यापेक्षा हे शंभरपट चांगलं, मला यात अजिबात शंका नाही.

देऊळ दत्ताचं. गिरनारला जाणारा मराठी माणूस इथे सहसा येत नाही, यायला हवं. आपल्या तसबिरीत दत्तासोबत चार कुत्रे असतात, इथे कोल्हे आहेत. दत्तगुरू इथे आले असता त्यांनी भुकेल्या कोल्ह्यांना आपलं अंग खायला दिलं, आणि खाल्लेलं अंग पुन्हा भरत गेलं, अशी कथा आहे. तेव्हापासून दुपारी आणि संध्याकाळी आरतीनंतर पुजारी कोल्ह्यांसाठी प्रसाद ओट्यावर नेऊन ठेवतात आणि हाक घालतात. कोल्हे नक्की दिसतात असं सगळे सांगतात. दुपारी एकही आला नाही, कारण ओट्याभोवती मोबाईल घेतलेली माणसं ओरडत होती. संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर उतारावरून तीन आले, खाल्लं, गेले. दुरून बघा आणि गप्प राहा.

देवस्थानात जेवण मिळतं, कुणी पैसे मागत नाही, तुम्ही आपणहून पेटीत टाका. धर्मशाळा आहे. आम्ही खाली उतरायचा हट्ट सोडून तिथेच राहिलो, आणि सायकलवाल्यांनी हेच करावं.

कारण उतार. चुंबकाची गोष्ट सांगतात तो टप्पा याच रस्त्यावर आहे. आजूबाजूच्या कड्यांमुळे तिथे उतार चढासारखा भासतो, एवढंच. डोळ्यांना फसवता येतं, सायकलवाल्याच्या मांड्यांना नाही: पाय थांबवला की सायकल ज्या बाजूला जाते ती खालची बाजू. पण गाडीवाले तो चमत्कार बघायला रस्त्याच्या मधोमध थांबतात, इंजिन बंद करून गाडी सोडून देतात, आणि मग ती वेग घेते. बंद इंजिनाच्या गाडीचे ब्रेक जड होतात, स्टिअरिंग जड होतं. अशी एक गाडी वळणावर आमच्यातल्या मागच्या सायकलीच्या हातभर अंतरावरून गेली. त्या सायकलवाल्याने कडेला घेतलं तर खाली तोच शेलचा चुरा, सायकल आडवी, कोपर सोलून निघालं, टायरची बाजू फाटली. हेल्मेट होतं म्हणून एवढ्यावर भागलं.

म्हणून: उतरायचं ते सकाळी सातच्या आत, पहिल्या गाड्या वर यायच्या आधी. ब्रेक पॅड निघण्यापूर्वी नवे टाका. ब्रेक सलग दाबून ठेवू नका, थांबून रिम गार होऊ द्या. वळणाआधीच वेग मारा, वळणात ब्रेक नको. आणि कुणी गाडी न्यूट्रलमध्ये टाकताना दिसलं तर सरळ जाऊन सांगा. आम्ही सांगितलं, दोघांनी ऐकलं, एकाने शिवी दिली.

परतीचा दिवस सोपा, वारा पाठीवर, भुजला जेवायला पोचलो. फाटलेल्या टायरला आतून दुधाच्या पिशवीची दुहेरी घडी लावली होती, ती भुजपर्यंत टिकली. आईना महाल आणि मांडवी यावर लिहिणारे पुष्कळ आहेत.

खावड्याहून आता रणातून थेट खडीर बेटावर, धोळावीरेला रस्ता जातो. तिकडे जायची हौस असेल तर काळ्या डोंगरानंतर एक दिवस पाय मोकळे ठेवा, पाणी माणशी पाच लिटर घ्या आणि वाऱ्याची दिशा आदल्या संध्याकाळी बघून ठेवा. वारा समोरचा असेल तर निघू नका.