फळीवरचं वर्तुळ

वासरांची शिंगं मी आजवर किती जाळली याचा हिशेब ठेवलेला नाही. सातारा जिल्ह्यातल्या वडूज भागात कृत्रिम रेतन आणि त्याला जोडून वासरांची शिंगं, यावरच माझी मोटारसायकल चालते. एचएफची, म्हणजे होल्स्टीन या परदेशी दुधाळ जातीची, कालवड महिन्याची झाली की मालकाचा फोन येतो, मी जातो, भूल देतो, शिंगाच्या कोंबावर विजेची डागणी लावतो, चहा पिऊन निघतो. करडांची मात्र दोनच केली होती. त्यातलं एक मेलं.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी एका बाईनं वस्तीवर बोलावलं होतं. दुपारची वेळ, डागणी काही केल्या लाल होईना, म्हणून मी ती दाबून धरली. वासराला धरतो तशी, दहा-बारा सेकंद, कदाचित जास्तच. तिसऱ्या दिवशी बाईचा फोन, "डॉक्टर, करडू भिताडाला डोकं लावून हुबं ऱ्हातंय. अंगावर प्यायना." जाऊन बघितलं. कपाळ भिंतीला टेकवलेलं, डोळे अर्धे मिटलेले, हाक मारली तरी कान हलत नव्हता. पाचव्या दिवशी झटके येऊन गेलं. थंडीनं झालं असेल, मी म्हणालो. थंडी होतीच. माझे दोनशे रुपये बाईनं आधीच दिले होते. ते तिनं परत मागितले नाहीत आणि मीही दिले नाहीत.

नंतर पुस्तकं उघडली, जी आधी उघडायची होती. करडाच्या कवटीचं हाड पातळ, वर शिंगाचा कोंब डोक्याच्या मानानं मोठा, आणि हाडाखाली लगेच मेंदू. उष्णता आत उतरते. वरून जखम अगदी सुबक दिसते, आत मेंदू भाजलेला असतो.

म्हणून गेल्या जानेवारीत, संक्रांतीच्या आधी, औंधकडच्या एका सुभेदारसाहेबांचा फोन आला तेव्हा मी आधी गप्पच बसलो. सैन्यातून निवृत्त होऊन त्यांनी दुधासाठी सानेन या परदेशी जातीच्या संकरित शेळ्या पाळल्यात. बंदिस्त गोठा, जाळीची गव्हाण. आदल्या वर्षी एका शेळीनं दुसरीची कास शिंगानं फाडली होती, आणि एक शेळी रात्री जाळीत शिंगं अडकून सकाळी मेलेली सापडली होती. आता सात करडं झाली होती, सगळी पाच ते बारा दिवसांची. वय बरोबर होतं, कारण करडाचा कोंब वासरापेक्षा फार लवकर वाढतो. दोन आठवडे उलटले की काम अवघड आणि परत खुरटं वाकडं शिंग फुटायची भीती.

"वासरांची करताच की तुम्ही. ही तर बारकी हायत," सुभेदार म्हणाले.

"साहेब, मला करडांचं येत नाही."

गिऱ्हाइकाला हे वाक्य मी पहिल्यांदाच बोललो असेन. पलीकडं थोडा वेळ शांतता. मग त्यांनी फौजी पद्धतीनं विचारलं, "मग कुणाला येतं? पत्ता काढा."

पत्ता काढायला चार दिवस लागले. ज्याला विचारावं तो म्हणे, वासरं कितीही आण. एकानं कॉस्टिकची, म्हणजे कोंब जाळणाऱ्या रसायनाची, पेस्ट सुचवली. ती करडांना लावूच नये. करडं एकमेकांच्या अंगावर झोपतात, आईच्या कासेला ढुशा देतात. एकाच्या डोक्यावरची पेस्ट दुसऱ्याच्या डोळ्यात आणि शेळीच्या सडाला. दहिवडीकडच्या एका म्हाताऱ्या धनगर मामांना विचारलं तर ते हसायलाच लागले. "शिंगं काढली तर शेळी धरायची कशाला धरून?" आणि मग जरा गंभीर होऊन, "उनात हिंडणाऱ्या जनावराला शिंग लागतं बाबा." मामा बरोबर होते. शिंगाच्या आतल्या गाभ्यात रक्तवाहिन्या असतात, अंगातली उष्णता तिथून बाहेर जाते. माण तालुक्याच्या उन्हात दिवसभर फिरणाऱ्या शेळीचं शिंग काढण्यात शहाणपण नाही. पण सुभेदारांच्या शेळ्या छपराखालीच राहणार होत्या.

शेवटी शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात मला दोन वर्षं सीनियर असलेल्या मॅडम आठवल्या. काही वर्षं त्यांनी दुधाच्या शेळ्यांच्या मोठ्या गोठ्यावर काम केलं होतं. फोनवर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "तिथं व्होल्टेज किती असतं?" मला वाटलं थट्टा करतायत.

ठरल्या दिवशी सकाळी दहाला आल्या. पिशवीतून वजनकाटा निघाला, इन्शुलिनच्या बारीक सुया निघाल्या आणि एक साधी लाकडी फळी, जिच्यावर शंभरेक काळी वर्तुळं उठलेली. डागणी लावली, दहा मिनिटांनी फळीवर टेकवली. तीन सेकंद. तपकिरी डाग उठला, तोही अर्धवट.

"थांबायचं," मॅडम म्हणाल्या. "शिवारात मोटारी चालू आहेत ना?"

होत्या. कांद्याला पाणी सुरू होतं. शेतीची लाईट दोनला जाणार होती, आणि ती गेल्याशिवाय घरातलं व्होल्टेज वर येणार नव्हतं.

"डागणी कमी तापलेली असली की माणूस ती जास्त वेळ धरतो, आणि करडं तिथंच मरतात. लालबुंद डागणी परवडते," असं म्हणून त्यांनी चहाचा कप उचलला. मी गोठ्याकडं बघत राहिलो. ती दुपार, ती न तापलेली डागणी.

दोनपर्यंतचा वेळ त्यांनी वाया घालवला नाही. आधी बोकडं बाजूला काढली, तीन निघाली. "ईदला विकणार ना? मग यांना हात लावायचा नाही." कुर्बानीचं जनावर बेखोड लागतं. गिऱ्हाईक दात बघतं, कान बघतं, शिंगं बघतं. आणि बोकडं तशीही वेगळ्या कप्प्यात वाढणार होती.

उरल्या चार पाटी, म्हणजे माद्या. मॅडम प्रत्येकीच्या डोक्यावरून अंगठा फिरवत होत्या. शिंगं येणार असतील तिथं केसांचे दोन भोवरे असतात आणि कातडी खालच्या कोंबाला चिकटलेली असते. चौथ्या करडाला भोवरा नव्हता, कातडी सरकत होती. सुभेदार खूश झाले. पुढच्या वर्षीही बिनशिंगीच बोकड आणायचा त्यांचा बेत होताच, म्हणजे ही कटकटच नको. मॅडमनी त्या करडाची शेपटी उचलून बघितली आणि मला जवळ बोलावलं. लघवीच्या जागी वाटाण्याएवढा गोळा.

"हिची आई बिनशिंगी? आणि बापही?"

दोन्ही. बाप असलेला बोकड सुभेदारांनी भावकीतल्या एकाकडून आणला होता आणि बिनशिंगी म्हणून मुद्दाम निवडला होता. शेळ्यांत शिंग नसण्याचा गुण आईबाप दोघांकडून आला, तर मादी म्हणून जन्मलेलं पिल्लू धड मादी होत नाही. गाभण जात नाही, दूध देत नाही. म्हणून दोघांपैकी एकाला शिंगं असावीतच लागतात. पुस्तकात वाचलेलं मी, पण शेपटीखाली बघायचं मला सुचलं नव्हतं. सुभेदार बराच वेळ त्या करडाला मांडीवर घेऊन बसले. "म्हणजे ना पाट ना बोकड," एवढंच बोलले.

दोन वाजता शेतीची लाईट गेली. घरातला बल्ब एकदम पांढरा झाला. फळीवर डागणी टेकवली, दोन सेकंदांत काळं, सलग वर्तुळ.

पहिल्या पाटीचं वजन सव्वातीन किलो भरलं. भुलीचं औषध आपलं नेहमीचं लिग्नोकेन, दोन टक्क्यांचं. कालवडीला एका बाजूला पाच मिली टोचायची माझ्या हाताला सवय. मॅडमनी तीन किलोचा हिशेब धरून संपूर्ण करडाला पाऊण मिली काढलं आणि त्यात तिप्पट सलाईन मिसळलं. त्याचे चार भाग. गाईच्या शिंगाला मुख्य मज्जातंतू एक, शेळीच्या शिंगाला दोन; एक डोळ्याच्या बाहेरच्या अंगाला, एक आतल्या. जास्त दिलं तर औषधानंच झटके येतात. वेदनेचं इंजेक्शन वेगळं, धनुर्वाताचं वेगळं. मग दहा मिनिटं काहीच करायचं नाही. सुई टोचून बघायची, कातडी आखडली तर अजून थांबायचं.

करडू धरायला सुभेदारांच्या घरच्या काकू बसल्या. मांडीत पोतं, पोत्यात करडू, जबडा तळहातावर, कान अंगठ्याखाली. असं धरणं मी कॉलेजात बघितलं नव्हतं.

"काकू, मोठ्यानं मोजा. सावकाश," मॅडम म्हणाल्या.

काकूंना मोजायचं म्हणजे धान्य मोजायची सवय. पायलीनं ज्वारी मोजावी तसा सूर लागला, "लाभ... दोन... तीन..."

तीनला डागणी उचलली. जळक्या केसांचा धूर डोळ्यात गेला. कपाळावर ओला फडका. करडू ओरडलं ते सुई टोचताना, आता नुसतं पोत्यात हललं. गार झाल्यावर परत, "लाभ... दोन... तीन..." कोंबाच्या भोवती तांब्याच्या रंगाचं कडं उमटलं, घासलेल्या घागरीच्या काठासारखं.

"झालं. काळं दिसेपर्यंत थांबायचं नाही."

दुसरी पाट त्यांनीच केली. तिसरीच्या वेळी डागणी माझ्या हातात दिली. माझा हात स्थिर नव्हता आणि ते काकूंना दिसलं असणार, कारण त्यांनी मोजायच्या आधी माझ्याकडं एकदा बघितलं. पहिल्या खेपेला मी "दोन"लाच उचलली. मॅडम काही बोलल्या नाहीत, फडका ठेवला, परत लावायला सांगितली. चार खेपांत कडं पुरं झालं. पाटीला सोडली तशी ती धडपडत आईखाली गेली, कासेला ढुशी दिली आणि शेपटी हलवत प्यायला लागली. मॅडमनी फळी माझ्याकडं दिली आणि म्हणाल्या, तुझ्याकडंच राहू दे.

तिसऱ्या दिवशी सकाळी न बोलावता मी औंधकडं गेलो. उलट्या टोपलीवर बसून तासभर तिन्ही करडांकडं बघत होतो. गव्हाणीवर चढत होती, पडत होती, एकमेकांना ढुशा देत होती. एक भिंतीजवळ गेलं की मी उठायचो.

"काय शोधताय वं डॉक्टर?" काकूंनी विचारलं.

मग मी त्यांना त्या वस्तीवरच्या बाईचं करडू सांगितलं. थंडीचं खोटं बोललो तेही, दोनशे रुपयांचंही. काकू वैरण टाकत ऐकत होत्या.

"त्ये कितव्या दिशी गेलं म्हनला?"

"पाचव्या."

"मग परवा परत या," त्या म्हणाल्या, आणि चहा टाकायला आत गेल्या.