क्षमा मिळाली, तरी लाज उरली

चौदाव्या वर्षी मी घरातल्या कपाटातून पैसे घेतले आणि आळ धाकट्या भावावर आला, तेव्हा गप्प बसले. खरे उघडकीस आल्यावर घरातील एक मोठी व्यक्ती एवढेच म्हणाली, "तू आहेसच अशी." चोरीचे पापनिवेदन, म्हणजे धर्मगुरूंपुढे पापाची कबुली, मी त्याच आठवड्यात केले आणि त्यांनी पापक्षमेचे शब्द उच्चारले. "तू आहेसच अशी" हे तीन शब्द मात्र मनात तसेच राहिले, आणि पुढची कित्येक वर्षे मी तेच पाप निरनिराळ्या तपशिलांसह पुन्हा पुन्हा सांगत राहिले. बाहेर पडताना हलके वाटे. रात्र होईपर्यंत मात्र नीट सांगितले नाही, काहीतरी लपवले, ही शंका परत येई.

अखेर एका वयस्कर फादरांनी मला मध्येच थांबवले. "याची क्षमा केव्हाच झाली आहे, बाळ. तू आता जे घेऊन येतेस ते पाप नव्हे," असे म्हणून त्यांनी मला मानसोपचाराची मदत घेण्यास सुचवले. त्या दिवशी मला तो नकार वाटला.

हेलन ब्लॉक ल्युइस या मानसशास्त्रज्ञ विदुषीने १९७१ साली अपराधभाव आणि लाज यांतील भेद स्पष्ट केला: अपराधभावाचा रोख कृतीवर असतो, लाजेचा रोख संपूर्ण स्वतःवर. "मी चोरी केली" हे वाक्य पापनिवेदनात सांगता येते, त्याची भरपाई करता येते. "मी आहेच अशी" या वाक्याची क्षमा कोण आणि कशी करणार? ते पाप नाहीच. ती एक खोटी साक्ष आहे, आणि मी ती स्वतःविरुद्ध देत होते. हे कळायला मला इतकी वर्षे लागली, याचे दुःख अजूनही होते.

मानसोपचारात जे काम झाले ते संथ आणि कष्टाचे होते. मनोविकारतज्ज्ञ आरोन बेक यांनी १९६० च्या दशकात घडवलेल्या उपचारपद्धतीत मनातील मूळ धारणा शोधली जाते. अशी धारणा चाळणीसारखी काम करते: तिला पुष्टी देणारे तेवढे अडकून राहते, उरलेले सगळे गळून जाते. कुणी कौतुक केले की मला वाटे, यांना खरे माहीत नाही. कुणी जराशी चूक दाखवली की ती मात्र पुरावा ठरे. मी वहीत प्रसंग, त्या क्षणी आलेला विचार आणि त्याच्या बाजूचे व विरोधातले पुरावे लिहीत असे. विरोधातला रकाना सुरुवातीला बरेच आठवडे कोराच राहिला.

श्रद्धा पुरेशी असेल तर अशा मदतीची गरजच काय, असे मला श्रद्धावंतांनीच विचारले आहे. हा प्रश्न मला मान्य नाही. कॅथोलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ सालीच मेंढपाळकार्यात, म्हणजे श्रद्धावंतांच्या आत्मिक सांभाळात, मानसशास्त्राचा उपयोग करण्यास सांगितले आहे. आणि येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांचे काय? १५२२ साली स्पेनमधील मोंसेरात येथे त्यांनी तीन दिवस लेखी पापनिवेदन केले, तरी पुढे जवळच्या मानरेसा गावी त्यांना आपण सारे नीट सांगितले नाही हीच शंका छळत राहिली, इतकी की जीव देण्याचे विचार मनात येऊ लागले. शेवटी त्यांनी हे विचार कुठून येतात आणि कुठे नेतात हे पारखले, आणि गतकाळातील पापे पुन्हा निवेदन करायची नाहीत असा निश्चय केला. पापभीरूपणा, म्हणजे क्षमा झालेल्या पापाचीही सतत छळणारी शंका, आणि देवाची हाक एकच नव्हे, हे त्यांनी स्वतःवर अनुभवून ओळखले होते.

योहानाच्या शुभवर्तमानात कोळशांचा विस्तव दोनदाच येतो. येशूला अटक झाली त्या रात्री पहिल्याजवळ त्याचा शिष्य पेत्र शेकत उभा राहून आपण त्याचे कुणी नव्हे असे म्हणत प्रभूला नाकारतो. दुसरा पुनरुत्थित येशूने सरोवराकाठी पेटवलेला असतो. मूळ ग्रीक शब्द दोन्हीकडे एकच आहे आणि नव्या करारात तो अन्यत्र कुठेही येत नाही. येशू तिथे त्या रात्रीचा उल्लेखही करीत नाही. ज्याने तीनदा नाकारले त्याला तो तीनदा विचारतो, "तू माझ्यावर प्रीती करतोस काय?" पेत्राला दुःख होते, हेही शुभवर्तमान लपवत नाही, पण प्रत्येक उत्तरानंतर त्याच्या हाती येशूची मेंढरे, म्हणजे त्याचे अनुयायी, सोपवली जातात. भित्रा ठरलेल्या माणसाला काम दिले जाते, आणि तेही त्याच धुराच्या वासात. हा उतारा मी ध्यानासाठी घेतला तेव्हा प्रथमच त्या कपाटासमोर येशूला उभे असलेले पाहू शकले.

ते तीन शब्द अजूनही येतात, विशेषतः थकलेल्या दिवशी. मागच्या पापनिवेदनात मी भावाशी फोनवर तुसडेपणाने बोलल्याचे सांगितले. धर्मगुरूंनी आणखी काही आहे का, असे विचारले. क्षणभर ते जुने कपाट डोळ्यांपुढे आले. मी म्हणाले, "नाही, फादर, एवढेच."